आईच्या कानाच्या अहवालातले शब्द मराठीत कसे सांगावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची असून कराडजवळ आमच्या गावी राहते. ती रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि स्वतः वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करत नाही. गेल्या आठवड्यात तिच्या दोन्ही कानांची तपासणी झाली, तेव्हा हातात पडलेला अहवाल मात्र इंग्रजीत असल्यामुळे तिला वाचता आला नाही, आणि खरे सांगायचे तर इंग्रजी येत असूनही मला तो उलगडलेला नाही.

अहवालात उजव्या कानापुढे ‘मॉडरेटली सिव्हिअर मिक्स्ड हिअरिंग लॉस’ आणि डाव्या कानापुढे ‘मॉडरेट सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस’ असे लिहिले आहे. सोबतच्या सरासरीत उजवा कान हवेतून ५८ डेसिबल व हाडातून ३३ डेसिबल, तर डावा कान हवेतून ४६ व हाडातून ४४ असे आकडे आहेत. दुसऱ्या लहान आलेखावर उजवीकडे ‘बी टाइप’ आणि डावीकडे ‘ए टाइप’ असे आहे, ते पाहून आईने ‘उजव्या कानाचा दुसरा नंबर आला का?’ असे अगदी मनापासून विचारले. तपासणाऱ्यांकडे पुष्कळ गर्दी होती. त्यांनी ‘नस कमजोर झाली आहे’ एवढेच सांगितले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

उजवा कान लहानपणापासून फुटतो. पावसाळ्यात तो वाहतो आणि उन्हाळ्यात बहुधा कोरडा असतो. एका जुन्या कागदावर त्या कानाविषयी ‘अनसेफ’ असा शेरा असून पुढे सीटी स्कॅन करावा असे लिहिले आहे. तो शब्द वाचल्यापासून माझा भाऊ धास्तावलेला आहे. शिवाय आईला अधूनमधून घेरी येते, रात्री कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो आणि सर्दी झाली की दडे बसतात. या तक्रारी डॉक्टरांना कोणत्या शब्दांत लिहून द्याव्यात, हेही मला कळत नाही.

आईसाठी एका पानाचे मराठी टिपण लिहावे, असे मनात आहे. शब्दकोशातून ‘संवेदी-तंत्रिकीय श्रवणहानी’ असे शब्द काढून पाहिले, परंतु ते तिच्यापुढे ठेवले तर इंग्रजी अहवाल आणि माझे टिपण यांत तिच्या दृष्टीने काहीच फरक राहणार नाही. आणखी एक गोष्ट मनाला लागली आहे. एका नातेवाइकाने तिच्यासमोरच ‘आता काकू कर्णबधिर झाल्या’ असे म्हटले, आणि ते वाक्य तिला नेमके स्वच्छ ऐकू आले. तेव्हापासून ती चारचौघांत बसत नाही. तिच्या स्थितीला योग्य शब्द कोणता, हेही जाणकारांनी सांगावे ही विनंती.


श्रवणरेषा

ताई, मी पुण्यात १९ वर्षे श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. आधी ‘नस कमजोर’ याविषयी लिहिते, कारण आमच्या क्षेत्रात रुग्णांचे सर्वाधिक नुकसान याच दोन शब्दांनी केले आहे असे माझे ठाम मत आहे. नस कमजोर म्हटले की माणसाला अशक्तपणा आठवतो, अशक्तपणा म्हटला की ताकदीच्या गोळ्या आठवतात, आणि मग गोळ्या, मालिश व कोमट तेल यांत एक-दोन वर्षे सहज निघून जातात. प्रत्यक्षात आपल्या आईच्या वयाच्या बहुतेक रुग्णांत मुख्य बिघाड नसेत नसतोच. आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढे घेतलेली एक नळी असते. पुस्तकी मराठीत तिला कर्णावर्त म्हणतात, मी रुग्णांशी बोलताना तिला ‘शंख’ म्हणते. या शंखात जन्मतः प्रत्येक कानात सुमारे १५,००० केशपेशी असतात. आवाजाच्या हेलकाव्याने त्यांच्यावरचे अतिसूक्ष्म तंतू वाकतात, त्यातून विजेचा संदेश तयार होतो आणि तो श्रवणचेतेमार्फत, म्हणजे ऐकण्याच्या नसेमार्फत, मेंदूकडे जातो. वयामुळे, सततच्या मोठ्या आवाजामुळे किंवा काही औषधांमुळे या पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे गोळीने त्या परत येतील अशी आशा कोणी दाखवू नये. ‘सेन्सरीन्यूरल’ या शब्दात शंख आणि चेता हे दोन्ही भाग एकत्र बांधलेले आहेत, कारण नेहमीच्या श्रवणचाचणीतून त्या दोहोंना वेगळे काढता येत नाही. आपल्या टिपणात मी ‘आतल्या कानाचा दोष’ एवढेच लिहिले असते.

याच्या उलट ‘कंडक्टिव्ह’ म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या वाटेतला दोष. त्याला ‘वाटेतला अडथळा’ म्हणावे, किंवा थोडा भारदस्त शब्द हवा असेल तर ‘वहनदोष’. ही वाट म्हणजे कानाचे छिद्र, पडदा आणि पडद्यामागची हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे. घोड्यावर बसताना पाय ठेवतात त्या रिकिबीसारखे दिसणारे तिसरे हाड सुमारे ३ मिलिमीटरचे असून शरीरातले ते सर्वांत लहान हाड आहे. पडद्याचा कंप पावणारा भाग या रिकिबीच्या तळव्याच्या साधारण १७ पट मोठा असतो. मोठ्या पडद्यावरचा सगळा दाब त्या इवल्याशा तळव्यावर एकवटतो, म्हणूनच हवेतला आवाज आतल्या द्रवात शिरू शकतो. मळाचा बोळा, पडद्याला भोक, पडद्यामागे साचलेले पाणी किंवा जखडलेली रिकीब यांपैकी काहीही असले तरी शंख शाबूत राहून आवाज मात्र वाटेतच क्षीण होतो. यातले पुष्कळसे दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दूर होतात, आणि रुग्णाला दोन शब्दांतला फरक समजावून सांगण्याचे खरे कारण हेच आहे.

आता आपले आकडे पाहू. हवेतून म्हणजे कानावर हेडफोन लावून केलेली चाचणी. तीत आवाज संपूर्ण वाट चालून आत जातो. हाडातून म्हणजे कानामागच्या हाडावर कंपन करणारी चकती टेकवून केलेली चाचणी. तीत आवाज ही वाट टाळून थेट शंखाकडे जातो. कागदावर उजव्या कानाची खूण लाल गोल आणि डाव्याची निळी फुली असते, हाडाच्या चाचणीच्या खुणा कंसासारख्या असतात, आणि रेषा जितकी खाली तितके ऐकू कमी, हे आईला बोट ठेवून दाखवता येईल. डाव्या कानात ४६ आणि ४४ यांत जवळपास अंतरच नाही, म्हणजे वाट मोकळी असून दोष आतल्या कानाचा आहे. उजवीकडे ५८ आणि ३३ यांत २५ डेसिबलचे अंतर आहे. ते २५ वाटेत अडकलेले आहेत आणि उरलेले ३३ आतले आहेत, म्हणून ‘मिक्स्ड’. मराठीत ‘दुहेरी दोष’ हा शब्द मला चांगला वाटतो. ‘संमिश्र’ बरोबर आहे, पण त्यातून काय काय मिसळले आहे ते कळत नाही. ज्या कानाला आपण सगळे वाईट कान म्हणत आहोत तो उजवा कान आतून डाव्यापेक्षा बरा आहे, हे मात्र मुद्दाम लक्षात घ्यावे. आईला हे अवश्य सांगावे.

‘मॉडरेट’ आणि ‘मॉडरेटली सिव्हिअर’ या श्रेणी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या वर्गवारीनुसार २० डेसिबलच्या आत सामान्य, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र, ८० ते ९५ अतितीव्र आणि त्यापुढे पूर्ण अशी विभागणी आहे. परंतु अनेक ठिकाणी अजून जुनी वर्गवारी वापरली जाते, तीत ४० पर्यंत सौम्य मानतात. त्यामुळे ३८ डेसिबलचा एकच कान एका कागदावर ‘सौम्य’ तर दुसऱ्या कागदावर ‘मध्यम’ ठरतो आणि घरच्यांना वाटते की आजार वाढला. आपल्या आईचे आकडे दोन्ही वर्गवाऱ्यांत त्याच श्रेणीत येतात, तरीही टिपणात श्रेणीच्या आधी आकडा लिहावा. तो आकडा टक्के नव्हे, हेही सांगावे लागते. ४६ डेसिबल म्हणजे ४६ टक्के बहिरेपण नव्हे, तर निरोगी तरुण कानाला जो अगदी बारीक आवाज ऐकू येतो त्याच्यापेक्षा ४६ डेसिबल मोठा झाल्यावरच आवाज आईच्या कानाला लागतो, एवढाच त्याचा अर्थ. शून्य डेसिबल म्हणजे शांतता, असाही एक समज आहे. तोही चुकीचा आहे, कारण शून्य हीच त्या निरोगी कानाची सरासरी उंबरठ्याची पातळी आहे.

‘सौम्य’ या शब्दाविषयी एक विषयांतर करते. लहान मुलाच्या अहवालात तो शब्द दिसला की पालक निश्चिंत होऊन कागद घडी घालून ठेवतात. परंतु भाषा शिकण्याच्या वयातल्या मुलाला ३० डेसिबलचा दोष असला तर वर्गातल्या गोंगाटात शिक्षकांच्या बोलण्यातले स, श, फ यांसारखे क्षीण ध्वनी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तिथे सौम्य काहीही नसते.

आई कधी ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ असे म्हणतात का? आतल्या कानाच्या दोषाची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात मिळालेली नाही. स्वरांचा आवाज दणकट आणि खालच्या पट्टीचा असतो, तर स, श, त, क यांसारखी व्यंजने दुबळी आणि वरच्या पट्टीची असतात. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे ऐकणे जाते, त्यामुळे बोलण्याचा गजर कानी पडतो पण शब्द सुटे होत नाहीत. मराठीने ‘ऐकू येणे’ आणि ‘कळणे’ ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली आहेत, त्यांचा टिपणात पुरेपूर उपयोग करावा. याला जोडून आणखी एक तक्रार असते. हळू बोलले तर ऐकू येत नाही आणि जरा आवाज चढवला की ‘ओरडतेस कशाला’ म्हणून वृद्ध माणूस दुखावते. आम्ही त्याला ‘रिक्रूटमेंट’ म्हणतो. केशपेशी गेल्यामुळे बारीक आवाज आणि असह्य आवाज यांच्यातली जागाच आक्रसलेली असते. घरच्यांना तो हट्टी स्वभाव वाटतो, पण तो कानाचा दोष आहे.

राहिला ‘बी टाइप’. ती गुणांची श्रेणी नाही. पडदा हवेच्या दाबाने किती हलतो याचा तो आलेख असून १९७० मध्ये जेम्स जर्गर यांनी आलेखाच्या आकारांना ए, बी, सी ही नावे दिली. मधोमध टोकदार डोंगर आला तर ए, सपाट रेषा आली तर बी, आणि डोंगर एका बाजूला सरकलेला असला तर सी. पडद्यामागे पाणी असले किंवा पडद्याला भोक असले तरी रेषा सपाटच येते, आणि मोजलेल्या पोकळीच्या आकारमानावरून त्या दोहोंत फरक करतात. टिपणात ‘पडदा हलत नाही’ असे तीन शब्द पुरेत.


सह्यकडा

मी जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घशाचा शस्त्रक्रियातज्ज्ञ आहे. वरील प्रतिसाद उत्तम आहे, म्हणून मी केवळ ‘अनसेफ’ आणि आईंच्या तक्रारींची भाषा एवढ्यापुरतेच लिहितो.

‘सेफ’ आणि ‘अनसेफ’ हे शब्द आमच्या पिढीने पाठ केले आणि रुग्णांच्या कागदावर जसेच्या तसे उतरवले, ही आमची चूक आहे. कान दीर्घकाळ वाहण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पडद्याच्या मधल्या भागाला भोक असते. सर्दी-पडशात किंवा पाणी गेल्यावर कान भरपूर वाहतो, स्राव चिकट, तार धरणारा आणि बहुधा वास नसलेला असतो. दुसऱ्यात पडद्याची कातडी आत ओढली जाऊन मध्यकर्णात पिशवीसारखी वाढते, स्राव थोडाच पण घाण वास येणारा असतो, आणि ती पिशवी आजूबाजूचे हाड हळूहळू पोखरते. कानाच्या या हाडातून चेहऱ्याची चेता जाते, शेजारी तोल सांभाळणारा अवयव आहे आणि छतापलीकडे मेंदूची आवरणे आहेत, त्यामुळे दुसऱ्या प्रकाराला धोक्याचा म्हणत आले आहेत. आता आम्ही पहिल्याला ‘म्यूकोझल’ आणि दुसऱ्याला ‘स्क्वेमोझल’ असे लिहितो. आपण टिपणात ‘हाड पोखरणारा प्रकार असल्याची शंका आहे, म्हणून स्कॅन’ असे लिहावे. ‘असुरक्षित कान’ असे भाषांतर कृपया करू नये, त्यातून भीतीखेरीज काहीच पोहोचत नाही.

त्या कातडीच्या पिशवीचे नाव कोलेस्टिॲटोमा, आणि वैद्यकातल्या फसव्या नावांत मी त्याला पहिला क्रमांक देईन. १८३८ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञांनी ते रूढ केले. परंतु त्यात कोलेस्टेरॉलचा संबंध नाही आणि ‘ओमा’ म्हणताना अभिप्रेत असणारी गाठही नाही. तरीसुद्धा माझ्याकडे येणाऱ्या नातेवाइकांपैकी कोणी तूप बंद करू का असे विचारतो, तर कोणी कर्करोग आहे का असे दबक्या आवाजात विचारतो. शस्त्रक्रियेत ती पिशवी उघडली की आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे मृत कातडीचे पांढरे थर निघतात, म्हणून मी तिला ‘कातडीची पिशवी’ म्हणतो आणि भिंतीच्या ओलीत वाढणाऱ्या मुळाचे उदाहरण देतो. गोळ्या आणि थेंबांनी वास व स्राव कमी होतो, पण पिशवी जात नाही. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. शस्त्रक्रियेचा पहिला उद्देश कान कोरडा आणि निर्धोक करणे हा असतो, ऐकू येण्यात सुधारणा हा दुसरा. हा क्रम घरच्यांना आधीच समजला, तर नंतरची निराशा टळते.

‘कान फुटणे’ हा शब्द बोलीत अतिशय सोयीचा आहे, परंतु तो डॉक्टरांना पुरेसा नाही. लहान मुलाचा पडदा एका रात्रीत दाबाने फाटणे, वर्षानुवर्षे पू येणे आणि नुसती कानाच्या नळीत बुरशी होऊन ओल सुटणे, या तिन्हींना गावात एकच नाव आहे. त्यामुळे स्राव पाण्यासारखा, पुवासारखा की रक्तमिश्रित, वास येतो का आणि वर्षातून किती दिवस वाहतो, हे लिहून न्यावे. पडद्याला भोक असण्याची शक्यता असताना कानात तेल किंवा पाणी जाऊ देऊ नये. डोक्यावरून अंघोळ करताना व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवावा.

घेरीविषयीही तेच. चक्कर, भोवळ, घेरी, गरगरणे, अंधारी हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. आईंना इतकेच विचारावे की भोवतालचे घर फिरते, की डोळ्यांपुढे अंधार येतो, की नुसता तोल जातो. घर फिरत असेल तर ते आतल्या कानाकडे बोट दाखवते, उठताना अंधारी येत असेल तर रक्तदाब पाहावा लागतो. अशा फिरण्याचे मूळ कानात असू शकते हेही वैद्यकाला उशिराच उमगले. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी ते मांडले, तोपर्यंत असे झटके मेंदूचे मानले जात. वाहणाऱ्या कानात मात्र घर फिरणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, तापासह तीव्र डोकेदुखी किंवा मान आखडणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नये. तसेच कोणत्याही कानाचे ऐकणे एकाएकी, दोन-तीन दिवसांच्या आत गेले तर तेही तातडीचे असते. ‘दडे बसले असतील’ असे म्हणून लोक पंधरा दिवस थांबतात आणि उपचाराची वेळ निघून जाते.


बोलकी पाटी

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत २८ वर्षे शिकवून निवृत्त झाले. आपल्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते.

‘बहिरा’ हा संस्कृत ‘बधिर’ शब्दाचाच घरगुती झालेला अवतार आहे. मुळात त्यात अपमान नव्हता, तो ‘ठार’ जोडून आणि टोमणे मारून आपण त्यात आणला. ‘मूकबधिर’ हा शब्द मात्र वस्तुस्थितीलाच धरून नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे स्वरयंत्र, जीभ, ओठ सर्व काही ठीक होते. कानावर भाषा न पडल्यामुळे ती तोंडात आली नव्हती, आणि जी मुले खुणांच्या भाषेत मोठी झाली ती मधल्या सुट्टीत इतके बोलत की मला हात धरून थांबवावे लागे. त्यांना मूक म्हणणे मला कधीच जमले नाही. जुन्या शाळांच्या पाट्यांवर तो शब्द राहिला आहे, नवीन लिखाणात तो टाळावा. अनेक तरुण बधिर व्यक्ती स्वतःला अभिमानाने ‘बधिर’ म्हणवतात आणि भारतीय सांकेतिक भाषा ही आपली भाषा मानतात. त्यांच्या बाबतीत त्यांनी निवडलेला शब्द वापरणे हाच शिष्टाचार आहे.

आपल्या आईंची गोष्ट वेगळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत. बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ७० डेसिबलचा दोष असलेली व्यक्ती बधिर, आणि दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असलेली व्यक्ती ‘हार्ड ऑफ हिअरिंग’ म्हणजे ऐकण्यात अडचण असलेली. आईंचे आकडे ५८ आणि ४६ आहेत. म्हणजे त्या नातेवाइकांनी वापरलेला शब्द मनाला लागणारा तर होताच, पण तो चुकीचाही होता. आईंना ‘कमी ऐकू येते’, हेच त्यांच्या स्थितीचे संपूर्ण आणि अचूक वर्णन आहे. हे वाक्य त्यांना कायद्यातल्या आकड्यांसह सांगावे, कारण सही करण्यापूर्वी कागद वाचणाऱ्या व्यक्तीला नुसत्या धीराच्या शब्दांपेक्षा आकड्यांचा आधार अधिक वाटतो. आणि घरच्यांना सांगावे की समोर, उजेडात बसून, चेहरा दिसेल असे, नेहमीच्या आवाजात थोडे सावकाश बोलावे. स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहून, नळ सोडून मारलेली हाक त्यांना कळणार नाही.


शब्दवेल

रातकिड्यांच्या आवाजाविषयी लिहितो. ‘टिनिटस’ साठी आपल्याकडे ‘कर्णनाद’ हा तयार शब्द आहे आणि तो आजही डॉक्टरांना समजतो. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड हे दोन वेगळे मोजले आहेत. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात नगारा, मृदंग, शंख यांसारखे आवाज ऐकू येतात त्याला कर्णनाद आणि वेणूसारखा बारीक आवाज येतो त्याला क्ष्वेड म्हटले आहे. जुन्या वैद्यांना आवाजाचा प्रकार विचारणे महत्त्वाचे वाटत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेव्हा नुसते ‘कानात आवाज’ असे न लिहिता आईंचे ‘रातकिडे’ तसेच लिहावे, आणि तो आवाज एका कानात की दोन्हींत, सतत की अधूनमधून, नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का, हेही नोंदवावे.


कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री टिपण लिहिले आणि आज सकाळी आईला दिले. ते असे आहे.

‘तुझ्या दोन्ही कानांना कमी ऐकू येते. डाव्या कानाची वाट मोकळी आहे, पण आतल्या शंखातल्या केशपेशी वयाने कमी झाल्या आहेत. त्यामुळे ऐकू येते पण कळत नाही. आकडा ४६. उजव्या कानात दुहेरी दोष आहे. आतला दोष ३३, तो डाव्यापेक्षा कमीच आहे. वाटेत २५ अडकले आहेत, कारण पडदा हलत नाही. तिथे हाड पोखरणारी कातडीची पिशवी आहे का हे पाहण्यासाठी स्कॅन करायचा आहे. ती कर्करोगाची गाठ नसते. कोलेस्टेरॉलशी तिचा संबंध नाही. तोपर्यंत कानात तेल नाही, पाणी नाही. कायद्याने ज्याला बधिर म्हणतात तो आकडा ७० आहे, तुझा तेवढा नाही. ऐकण्याचे यंत्र लावल्यावर तुला पूर्वीसारखे ऐकू येईल.’

आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि पेन मागून ‘केशपेशी’ या शब्दावर काट मारली. तिने वर ‘लव’ असे लिहिले आणि म्हणाली, ‘भेंडीवर असते तशी ना? झडली की झडली.’ नंतर ७० च्या आकड्याखाली तिने रेघ ओढली आणि कागद घडी करून देवघरातल्या पोथीत ठेवला. घेरीबद्दल विचारले, तर ती अंथरुणावरून एकदम उठताना येते, घर फिरत नाही, असे तिने सांगितले. तेही आता डॉक्टरांच्या कागदावर लिहिले आहे.


श्रवणरेषा

‘लव’ हा शब्द मी आजपासून वापरणार आहे. केशपेशींवरचे तंतू खरे केस नसतातच, त्यामुळे आईंची दुरुस्ती शास्त्रालाही धरून आहे.

टिपणातले शेवटचे वाक्य मात्र बदलावे. यंत्राने आवाज मोठा होतो, गेलेली लव परत येत नाही. त्यामुळे ‘पूर्वीसारखे’ असे लिहिले तर पहिल्याच आठवड्यात आई ते काढून कपाटात ठेवतील. ‘यंत्र लावल्यावर आताच्यापेक्षा चांगले कळेल, पण सवय व्हायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला भांड्यांचा आवाज टोचेल’ असे लिहावे. आणि यंत्र आधी डाव्या कानाला बसवावे. वाहणाऱ्या कानाचे तोंड यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याने बंद केले की आत हवा खेळत नाही व स्राव वाढतो, म्हणून उजव्या कानाचा निर्णय स्कॅन आणि शस्त्रक्रियेनंतरच होईल. अंथरुणावरून उठताना येणाऱ्या घेरीसाठी रक्तदाब झोपून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजायला सांगावे.